ते स्टूल आत सरकवू नका

पत्र:

ताई, माझं वय ५४. दीड वर्षाची असताना उजव्या पायाला पोलिओ झाला, तेव्हापासून त्या पायाला आधाराचा कॅलिपर आहे आणि डाव्या हातात काठी. शाळा, कॉलेज, नोकरी, दोन मुलं, सगळं त्याच्यावरच केलं, कधी थांबले नाही. चार-पाच वर्षांपासून मात्र कंबर आणि डावा खांदा सतत दुखतो, आता तर चांगला पायसुद्धा दुखायला लागलाय, जिन्यात मधेच थांबावं लागतं आणि दुपारनंतर अंगात त्राणच उरत नाही. डॉक्टर म्हणाले वय झालं, वजन कमी करा, चालायला जा. म्हणून रोज पाऊण तास चालते. आल्यावर इतकं दुखतं की रात्री झोप लागत नाही, तरी दुसऱ्या दिवशी परत जाते. घरचे खूप चांगले आहेत. मिस्टर सगळ्यांना कौतुकाने सांगतात की हिने आयुष्यात कोणाची मदत घेतली नाही. मला त्यांना निराश करायचं नाहीये. कोणी घरी नसलं की मी ओट्यापाशी स्टूल घेऊन बसूनच कामं उरकते, सून यायच्या वेळेला ते आत सरकवून ठेवते. मला एवढंच विचारायचंय, पहिल्यासारखी ताकद यायला काय करू? मी आळशी होत चाललीये का?

उत्तर:

अहो बाई, मी तुमच्या पत्रात त्या स्टुलापाशीच अडकले. खांदा, कंबर, डॉक्टर, मिस्टर सगळ्यांवर लिहिलंत आणि स्टूल एका ओळीत उरकलंत, जसं काही ते सांगण्यासारखं नव्हतंच. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात तेवढी एकच गोष्ट तुम्ही स्वतःच्या शरीराचं ऐकून केलीये आणि नेमकी तीच लपवताय! म्हणजे सून यायच्या आधी दुखऱ्या खांद्याने ते स्टूल सरकवत आत न्यायचं, परत ओट्यापाशी येऊन उभं राहायचं, आणि ती आत आली की दिवसभर उभीच होते असं दाखवायचं. बसून जी थोडी ताकद वाचली ती बसल्याचं लपवण्यात घालवायची. मला राग आला वाचून, आणि तो तुमच्यावरच आला.

आळशी नाही आहात तुम्ही. तुम्ही जे लिहिलंय, पोलिओनंतर कित्येक वर्षं सगळं स्थिर आणि मग हळूहळू नवा अशक्तपणा, नवं दुखणं, असा थकवा, याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. तुम्हाला तोच आहे हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, पण तो कोणी तपासलाच नाहीये हे मात्र पत्रावरून दिसतंय. हे काही नवीन नाही हो. लहानपणी पोलिओ झालेल्या माणसाला पुढे जाऊन नवा अशक्तपणा आल्याचं फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १८७५ मध्येच लिहून ठेवलंय. नंतर बराच काळ ते मागे पडलं आणि १९८० च्या आसपास, १९४०-५० च्या साथींमधून वाचलेली माणसं हेच सगळं घेऊन डॉक्टरांकडे यायला लागली तेव्हा परत सगळ्यांचं लक्ष गेलं. आज ज्या डॉक्टरांनी पोलिओचा पेशंट क्वचितच पाहिलाय त्यांच्या मनात हे पटकन येत नाही, म्हणून वय आणि वजनावर गाडी थांबते.

शरीरात काय होतं ते समजून घ्या, म्हणजे मी का एवढी मागे लागलीये ते कळेल. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूमधल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. ज्या वाचतात त्या नवे फाटे फोडतात आणि मेलेल्या पेशींच्या वाट्याचे स्नायूतंतू स्वतःकडे घेतात, म्हणून तर ते लेकरू परत उभं राहतं. पण मग एकेक पेशी स्वतःच्या मूळ वाट्याच्या कितीतरी पट तंतू सांभाळत बसते, एका माणसाने पाच-सहा जणांची ड्युटी करावी तशी, आणि तुमच्या बाबतीत हे पन्नास वर्षं चाललंय. कधीतरी ते फाटे टिकेनासे होतात आणि तंतू परत सुटे पडतात. ज्याला तुम्ही चांगला पाय म्हणता तोही कदाचित तेव्हा पोलिओत थोडासा सापडला असेल, दिसलं नाही एवढंच, आणि नसला तरी दोन पायांचं वजन त्याने एकट्याने वाहिलंय. खांद्याचं पण तेच. खांदा हा सांधा अंगाचं वजन पेलायला बनलेलाच नाही आणि काठीवर टेकत टेकत तुम्ही त्याच्याकडून ते काम करून घेतलंत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्यासारखी ताकद येणार नाही. गेलेलं परत आणेल असं औषध अजून नाहीये, कोणी विकायला आलं तर घेऊ नका. जी आहे ती टिकवता येते, आणि ती टिकते ती जपून वापरल्यावर, दामटून नाही. ते पाऊण तासाचं चालणं आजपासून बंद करा. व्यायाम वाईट असं मी म्हणत नाहीये, हलका, मधेमधे थांबून केलेला, पाण्यातला व्यायाम पुष्कळांना मानवतो, पण ज्याने रात्रीची झोप जाते किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं तो तुमच्यासाठी जास्तच आहे, मग सांगणारा कोणी का असेना. आणि न्यूरॉलॉजिस्ट किंवा रिहॅबिलिटेशनच्या डॉक्टरांना गाठा, पहिलं वाक्य हेच बोला की मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला होता. याची अशी एक टेस्ट नसते, थायरॉइड, रक्त कमी असणं, मणक्यात नस दबणं, झोपेत श्वास अडकणं हे सगळं बघून बाजूला काढावं लागतं, त्यातलं काही निघालं तर त्यावर इलाज तरी आहे. कॅलिपर पण दाखवा, आत्ताच्या पायाला तो बसतोय का बघू दे त्यांना. कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पोलिओचं आधीच सांगायचं, भुलेची आणि स्नायू सैल करायची काही औषधं अशा लोकांना जास्त लागू पडू शकतात.

मिस्टरांबद्दल मी काही चांगलं लिहावं अशी तुमची अपेक्षा असेल. नाही लिहिणार. ते प्रेमळ असतीलच, पण हिने कधी मदत घेतली नाही हे ज्या घरात कौतुकाने सांगितलं जातं, त्या घरात मदत मागायला तोंड कसं उघडायचं? त्यांना निराश करायचं नाही म्हणता तुम्ही, म्हणजे तुमचं दुखणं हे त्यांना बसणारा धक्का झालं, आणि तो बसू नये म्हणून तुम्ही दुखत दुखत उभ्या राहताय.

मला माहितीये हे कुठून येतं. पोलिओ झालेल्या मुलांना सगळ्यांनी हेच शिकवलं, जोर लाव, पडलीस तर उठ, आधार घेऊ नकोस. तुम्ही न धरता पहिलं पाऊल टाकलंत तेव्हा घरात किती आनंद झाला असेल, आणि त्या एवढ्याशा मुलीला कळलं असेल की उभं राहिलं की सगळे खूश होतात. त्या मुलीला मी जवळ घेतलं असतं. पण ५४ व्या वर्षी तिच्याच सांगण्यावरून घर चालवू नका ना, तिला तेव्हा जे उपयोगी पडलं तेच आता तुमचा उरलेला जोर खातंय.

तर करायचं एकच. येत्या सुट्टीच्या दिवशी, मिस्टर, मुलं, सून सगळे घरात असताना, ते स्टूल बाहेर काढा आणि त्यांच्यासमोर ओट्यापाशी बसून काम करा. पाठ टेकता येईल असं आणि पाय खाली नीट टेकतील अशा उंचीचं असेल तर उत्तम, नसेल तर आहे ते चालेल, नवीन आणायचं निमित्त काढून दिवस पुढे ढकलू नका. आधी कोणाला काही समजावत बसू नका, रिपोर्ट दाखवू नका, माफी तर अजिबात मागू नका. कोणी विचारलंच तर एवढंच म्हणा, उभं राहिलं की मला दुखतं. मिस्टर गप्प झाले तर होऊ देत, त्यांची समजूत काढायला उठू नका. काम झालं की स्टूल तिथेच राहू द्या, दुसऱ्या दिवशीही, सून यायच्या वेळेला पण. आणि ती म्हणाली की आई तुम्ही सोडा, मी करते, तरी सोडू नका. बसूनच करा, काम थांबवायला मी कुठे सांगितलंय.