ढाक्यातली पोरं स्वतःला 'रझाकार' का म्हणाली?

प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या परभणीकडच्या आहेत, त्यामुळे हा शब्द त्यांना खटकणारच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जुलै 2024 मध्ये ढाक्यातले विद्यार्थी 'आम्ही रझाकार' अशा घोषणा देतानाचे व्हिडिओ सगळीकडे फिरले, तर या रझाकारांचा आपल्या निजामाच्या रझाकारांशी काही संबंध आहे का, आणि असलाच तर कुठलं शहाणं पोर स्वतःला रझाकार म्हणवून घेईल? शिवाय त्याच घोषणेत पुढे 'स्वैराचार' असा शब्द ऐकू येतो, तो तिथे काय करतोय?

आधी मूळ शब्द बघू. अरबीतला 'रिज़ा' म्हणजे राजीखुशी, संमती. त्याला फारसी 'कार' लागला की रज़ाकार, म्हणजे स्वतःच्या मर्जीने काम करणारा, स्वयंसेवक. बास, एवढाच साधा अर्थ. पाकिस्तानात आजही उर्दूत पुराच्या वेळी मदतीला धावणारे लोक रज़ाकारच असतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. आणि गंमत म्हणजे या शब्दाची अख्खी भावंडं आपल्या मराठीत सुखाने नांदतायत: ऑफिसात टाकतो ती रजा (साहेबाची संमती!), राजी, नाराज, आणि राजीनामा. राजीनामा म्हणजे मुळात दोन्ही पक्ष राजी असल्याचा कागद, बंगालीत तो अजून तडजोडीच्या कागदालाच म्हणतात, मराठीत आणि नेपाळीत मात्र पद सोडण्याला चिकटलाय. म्हणजे सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळच्या जेन-झी पोरांनी पंतप्रधान ओलींकडे जो मागितला तो 'राजीनामा', आणि त्याच्या वर्षभर आधी ढाक्यात पंतप्रधान शेख हसीनाबाईंकडे जो मागितला तो 'पदत्याग'. असो, गाडी भलतीकडेच चालली.

तर असा निरुपद्रवी शब्द दोन ठिकाणी बदनाम झाला, हैदराबाद संस्थानात आणि पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात. हैदराबादचं ताईंना सांगायला नकोच. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचं हे स्वयंसेवक दल, त्याचा म्होरक्या कासीम रझवी, जो लातूरला वकिली करायचा, आणि 1947-48 मध्ये या लोकांनी गावागावात जे केलं ते मराठवाड्यातल्या घरोघरी अजून सांगितलं जातं. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली, तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पण शब्द काही गेला नाही, 'रझाकाराच्या काळात' असं म्हातारी माणसं काळ मोजायला म्हणायची, आणि दांडगाई करणाऱ्याला 'रझाकारी लावलीय का' हे आहेच.

बांगलादेशचे रझाकार वेगळे, या दोन दलांचा संघटना म्हणून एकमेकांशी काही धागा नाही, दोघांनी उर्दूतला एकच तयार शब्द उचलला इतकंच. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तान स्वतंत्र व्हायला लढत होता, त्या मे महिन्यात खुलना इथे जमात-ए-इस्लामी या पक्षाच्या एका नेत्याने पहिली तुकडी उभी केली आणि जूनमध्ये तिथला लष्करी कारभारी जनरल टिक्का खानने वटहुकूम काढून तिला सरकारी रूप दिलं, अन्सार नावाचं जुनं निमलष्करी दल मोडून त्यातली माणसंही इकडे वळवली. पाकिस्तानी लष्कराला ना भाषा येत होती ना गल्ल्या माहीत होत्या, त्यामुळे कुठलं घर मुक्तिवाहिनीवाल्याचं (स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्याचं), कुठलं हिंदूचं, कुठल्या घरातली पोरगी तरुण आहे हे दाखवायला स्थानिक माणूस लागायचा, तो म्हणजे रझाकार. म्हणून तिथल्या शब्दात एक जादाचा काटा आहे जो आपल्याकडच्या शब्दात तेवढा नाही. आपल्याकडे रझाकार म्हणजे जुलमी. तिकडे रझाकार म्हणजे जुलमी तर खराच पण त्याहून जास्त घरभेद्या, आपल्याच माणसांना परक्या सैन्याच्या हवाली करणारा. मराठीत नुसतं 'रझाकार' लिहिलं की हा दुसरा भाग निसटतो आणि मला वाटतं सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

स्वातंत्र्यानंतर तिथे या शब्दाचा प्रवास फार मजेशीर झाला. लष्करी राजवटींच्या काळात तो उघड उच्चारायची चोरी होती, तेव्हा 1980 च्या दशकाच्या शेवटी सरकारी टीव्हीवरच्या एका मालिकेत 'तुई राजाकार' (तू रझाकार आहेस) हे वाक्य चक्क पोपटाच्या तोंडी घातलं आणि ते देशभर झालं. मग 2013 मध्ये ढाक्याच्या शाहबाग चौकात हजारो तरुण जमले, युद्धगुन्हेगार कादेर मोल्लाला जन्मठेपेऐवजी फाशी द्या म्हणून, तेव्हाही घोषणा तीच, 'तुई राजाकार, तुई राजाकार'. त्याला डिसेंबरात फाशी झाली, त्यावर पाकिस्तानच्या संसदेने दुःख व्यक्त करणारा ठराव केला आणि ढाक्याने पाकिस्तानच्या उच्चायुक्ताला बोलावून खडसावलं. म्हणजे तोवर तरी शब्द धारदार होता, आणि तरुण पोरंच तो वापरत होती.

पुढे मात्र हसीनांच्या सत्ताधारी अवामी लीगने तो इतका वापरला, इतका वापरला की विचारू नका. विरोधी पक्षवाला, रझाकार. सरकारवर टीका करणारा, रझाकार. 2019 च्या डिसेंबरात तर सरकारने दहा हजारांवर रझाकारांची अधिकृत यादीच काढली आणि तिच्यात निघाली खुद्द मुक्तियोद्ध्यांची, म्हणजे 71 च्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांची नावं, इतकंच काय युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या मुख्य सरकारी वकिलांचंही नाव! तीनचार दिवसांत यादी मागे घ्यावी लागली. सरकारला स्वतःलाच रझाकार कोण ते धड सांगता येत नव्हतं, आणि विशीतल्या पोरांनी हेच बघितलं होतं.

आता 14 जुलै 2024. आंदोलन होतं सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्याविरुद्ध. मुक्तियोद्ध्यांच्या मुलानातवंडांना 30 टक्के, सगळे मिळून 56 टक्के जागा राखीव, हे 2018 मध्ये आंदोलनामुळेच रद्द झालं होतं आणि जूनमध्ये हायकोर्टाने परत आणलं. शेख हसीना नुकत्याच चीनचा दौरा एक दिवस आधीच आटोपून परतल्या होत्या, त्याची पत्रकार परिषद होती, तिथे कोट्याचा प्रश्न आला. उत्तर असं, की मुक्तियोद्ध्यांच्या 'नातीपुतीं'ना नाही द्यायच्या तर काय राजाकारांच्या नातीपुतींना द्यायच्या? (नातीपुती म्हणजे आपली नातवंडं-पतवंडं.) आता ज्या लाखो पोरांचा आजोबा मुक्तियोद्धाही नव्हता आणि रझाकारही नव्हता, साधा शेतकरी होता, त्यांनी हे ऐकून काय समजायचं?

त्याच रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून मुलंमुली बाहेर पडली, आणि घोषणा झाली ती ही:

तुमी के? आमी के? राजाकार, राजाकार!
के बोलेछे? के बोलेछे? शोइराचार, शोइराचार!

ताई, सगळी मेख दुसऱ्या ओळीत आहे. तू कोण, मी कोण? रझाकार. असं कोण म्हणालं? हुकूमशहा. म्हणजे हे 'आम्ही रझाकार आहोत' असं कबूल करणं नाहीच, तुम्ही आम्हाला लावलेली शिवी घ्या, तुमच्याच नावावर लिहिली, असं ते आहे. दुसरी घोषणा तर आणखी सरळ होती, 'चाइते गेलाम अधिकार, होये गेलाम राजाकार', हक्क मागायला गेलो आणि रझाकार ठरलो. शिवाय पहिल्या ओळीचा साचा जुना आहे, 'तुमी के? आमी के? बांगाली, बांगाली' ही पाकिस्तानी राजवटीविरुद्धच्या काळातली गाजलेली घोषणा, शाहबागलाही ती होती. तिथल्या कुणाच्याही कानाला तो साचा लगेच ओळखू येतो, त्यामुळे 'बांगाली'च्या जागी 'राजाकार' आला की त्यातली कडवट थट्टा समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडच्या चॅनेलांनी मात्र पहिली ओळ दाखवली, दुसरी कापली, आणि बघा पोरं पाकधार्जिणी निघाली असं ठरवून मोकळे. अर्थात तिथेही सगळ्यांना हे रुचलं असं नाही, 71 मध्ये घरची माणसं गमावलेल्या लोकांना तो शब्द अशा हसत्याखेळत्या ठेक्यात ऐकून त्रास झाला, आणि तो त्रास खोटा नव्हता. पण घोषणेचा अर्थ काय एवढंच विचाराल तर माझ्या मते तो स्वच्छ आहे.

आता 'स्वैराचार'. हा शब्द बंगालीत आणि मराठीत अक्षरशः एकच आणि अर्थ पार वेगळा. आपला स्वैराचार म्हणजे ताळतंत्र सोडून वागणं, आणि तो बहुतेक वेळा तरुण पोरापोरींच्या नावानेच बोंबलायला वापरतात. बंगालीत शोइराचार म्हणजे सत्तेचा स्वैर कारभार, हुकूमशाही, आणि बोलण्यात थेट हुकूमशहासुद्धा. तिथे हा शब्द रुजला तो 1980 च्या दशकातला लष्करी हुकूमशहा जनरल इर्शादच्या काळात. 10 नोव्हेंबर 1987 ला नूर हुसेन नावाचा तरुण छातीवर 'स्वैराचार निपात जाक' आणि पाठीवर 'गणतंत्र मुक्ती पाक' असं रंगवून मोर्चात उतरला (पाक म्हणजे पावो, पाकिस्तान नव्हे, हेही सांगून ठेवतो!) आणि पोलिसांच्या गोळीने गेला. नूर हुसेन अवामी लीगच्याच युवा संघटनेचा, त्या आंदोलनात हसीना पुढे होत्या. 37 वर्षांनी तोच शब्द विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर उलटवला.

आणि शब्दांच्या बाबतीत उलटापालट तेवढीच नाही. 21 जुलैला सुप्रीम कोर्टाने कोटा 7 टक्क्यांवर आणला, पण तोवर रंगपूरला अबू सईद हा आंदोलक विद्यार्थी आणि इतर कितीतरी पोरं मारली गेली होती, 5 ऑगस्टला हसीना सत्ता सोडून भारतात आल्या. रझाकारांवर खटले चालवायला त्यांच्याच सरकारने 2010 मध्ये जे न्यायाधिकरण नेमलं, त्यानेच नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. ढाका त्यांचं प्रत्यर्पण मागतंय, दिल्लीने काही दिलेलं नाही. (जाता जाता, प्रति अधिक अर्पण, म्हणून प्रत्यर्पण. पेपरवाले 'प्रत्यार्पण' लिहितात ते चूक.)

राहिलं लिहायचं कसं. मराठीत 'रझाकार' रूढ आहे, झाडातला झ, तोच ठेवा. बंगालीत ज़ नाही, ते सरळ राजातला 'ज' म्हणतात, त्यामुळे घोषणा जशीच्या तशी देताना 'राजाकार' लिहिलं तरी चालेल. भाषांतर करायचं तर मी असं करीन: 'तू कोण, मी कोण? गद्दार, गद्दार! कोण म्हणतंय, कोण म्हणतंय? हुकूमशहा, हुकूमशहा!' यात 71 चा संदर्भ जातो हे मान्य, पण मराठवाड्यातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतेच घोडेस्वार तरी उभे राहत नाहीत. रझाकार ठेवायचाच असेल तर ठेवा, मग दोन्ही ओळी एकत्र छापा.