नाईल क्रूझवर एडफू आणि कोम ओम्बो वगळून अबू सिंबेलला जास्त वेळ द्यावा का? देवळं सगळी सारखीच असतात म्हणे.

वगळू नका. एडफू तर मुळीच नको.

‘सगळी सारखीच’ हे मी आमच्या मोठ्या भाऊजींच्या तोंडून अनेकदा ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहिते. लक्सरहून आस्वानला आम्ही नातेवाईक मिळून बोटीने गेलो होतो. अलाबास्टरच्या दुकानात भरपूर वेळ घालवणाऱ्या टूर मॅनेजरने एडफूला उतरताच बजावलं, पाऊण तासात परत या. भाऊजी अंगणातल्या सावलीत बसले आणि म्हणाले, “लक्सरला कर्नाकचं देऊळ पाहिलंस ना? तेच खांब, तेच देव.”

कर्नाकचे 134 खांब भव्य आहेत, वादच नाही. पण ते देवस्थान राजामागून राजा वाढवत गेला आणि आज त्यात पडझडही खूप आहे. एडफूचं ससाणामुख्या होरस देवाचं देऊळ तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात, इ.स.पू. 237 मध्ये सुरू झालं आणि इ.स.पू. 57 मध्ये पुरं झालं. पुढे ते वाळूत गाडलं गेलं, छतावर लोकांनी घरं बांधली. 1860 च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मारिएतने ते मोकळं केलं. त्या वाळूमुळेच ते छतासकट शाबूत आहे. आत जाताना जमीन चढत जाते, छत खाली येतं, उजेड आटत जातो आणि गाभाऱ्यात एकसंध दगडाचा देव्हारा उभा असतो, तोही देवळाहून जुना, दुसऱ्या नेक्टानेबो राजाच्या काळातला. छत कोसळलेल्या देवळात हे कळूच शकत नाही.

मी एकटीच डाव्या हाताच्या बोळात गेले, देऊळ आणि बाहेरचा कोट यांच्या मधल्या. गर्दी तिकडे वळत नाही. कोटाच्या आतल्या अंगावर होरस आणि त्याचा शत्रू सेत यांची लढाई कोरली आहे. सेत पाणघोड्याच्या रूपात, पण इवलासा, कारण कोरलेलं चित्र जिवंत होऊ शकतं अशी श्रद्धा. मग शत्रू मोठा कशाला कोरायचा? होरसची आई इसिस नावेत गुडघे टेकून त्याला दोरीने धरते, होरस भाला मारतो. दरवर्षी उत्सवात हे नाट्य व्हायचं आणि शेवटी पाणघोड्याच्या आकाराची पोळी कापायचे. नाटकाचं बोलणंही तिथेच भिंतीवर आहे! बाहेर येऊन मी हे सांगितलं तर भाऊजी म्हणाले, “चित्रंच ना?” ती चित्रं नाहीत, अख्खी संहिता आहे. ते अजून मानत नाहीत.

याच देवळात डेंडेराच्या देवळातून हाथोर देवीची, म्हणजे होरसच्या पत्नीची मूर्ती दरवर्षी नावेतून होरसच्या भेटीला यायची. आपल्या पालख्या निघतात ना, तशीच, फक्त नदीवरून. ज्यांना देवळं सारखी वाटतात त्यांनी ती पाहिलेलीच नसतात, फक्त त्यांच्यातून चाललेले असतात.

कोम ओम्बोचं म्हणाल तर बोट देवळापाशीच लागते, वगळून वाचणार काय? एकाच देवळाचे उभे दोन भाग, एक मगरमुख्या सोबेकचा, एक थोरल्या होरसचा, दोघांचे गाभारे वेगळे. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी आहेत. तासाभरात होतं.

आता अबू सिंबेल. तिथे जायचंच. आस्वान धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून 1964 ते 1968 मध्ये ठोकळे कापून सुमारे 65 मीटर वर चढवलेलं देऊळ आहे ते. पण क्रूझच्या थांब्यांशी त्याचा काही संबंध नाही. आस्वानहून पहाटे गाडीने जाऊन दुपारी परतता येतं. तेव्हा यातलं एक की दुसरं, असा प्रश्नच येत नाही. मॅनेजरला दुकानं वगळायला सांगा आणि तो वेळ एडफूला मागून घ्या. त्याने नाही म्हटलं तर भांडा, पैसे तुमचे आहेत.

हे सगळं थंडीतल्या प्रवासाचं. मे-जूनमध्ये ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर कर्नाकही पहाटेच उरका. एडफूच्या घोडागाड्यांतली काही घोडी अगदी खंगलेली असतात, जमल्यास टॅक्सी करा. आणि 22 फेब्रुवारी किंवा 22 ऑक्टोबरच्या आसपास जाणार असाल तर अबू सिंबेलचं आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी सूर्यकिरण गाभाऱ्यात पोचतात, त्यामुळे गर्दी फार असते.