वाचकांचे प्रश्न : सोळाव्या वर्षी चंद्र मागणारा गायक

प्रश्न : स्वीडिश गायक टेड येर्देस्टाड यांची गाणी ऐकायची आहेत. सुरुवात कुठून करू? नाव शोधलं की भाषणांचे व्हिडिओच समोर येतात.

उत्तर : फक्त ‘टेड’ टाकलं की त्याच नावाची भाषणमालिका समोर येते. रोमन लिपीत पूर्ण आडनाव (Gärdestad) टाका. ते ‘जी’ने सुरू होतं, पण स्वीडिशमध्ये इथे त्याचा उच्चार ‘य’ होतो. दुसऱ्या अक्षरावरचे, म्हणजे ‘ए’वरचे, दोन ठिपके नाही दिले तरी चालतं.

सुरुवात 1972च्या ‘उंड्रिंगार’ या गीतसंग्रहापासून करा. टेड तेव्हा सोळा वर्षांचे होते. चाली त्यांच्या, शब्द आठ वर्षांनी मोठ्या भावाचे, केनेथ यांचे. केनेथ पेशाने वास्तुरचनाकार. निर्मिती ‘आबा’ (ABBA) या स्वीडिश पॉप गटाच्या बेनी आणि ब्यॉर्न यांची. ‘मला माझा स्वतःचा चंद्र हवा’ अशा अर्थाचं गाणं याच संग्रहातलं. ते आधी शब्दांकडे लक्ष न देता ऐका, मग अर्थ वाचून पुन्हा ऐका. चाल साधी, गुणगुणण्यासारखी आहे. एकटेपण शब्दांत आहे. भाषांतर-यंत्र यमकं मोडतं, म्हणून एकेक ओळ सुटी न घेता पूर्ण कडवं वाचावं.

इंग्रजी येतं म्हणून 1978च्या ‘ब्लू व्हर्जिन आइल्स’पासून सुरुवात करू नका. अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेला हा इंग्रजी संग्रह सफाईदार आहे, पण दोघा भावांची खरी जादू स्वीडिश गाण्यांतच आहे.

प्रश्न : युरोव्हिजन या देशादेशांतल्या गाण्यांच्या स्पर्धेत त्यांचं काय झालं?

उत्तर : 1979मध्ये ‘सॅटेलिट’ने स्वीडनची निवड स्पर्धा जिंकली. जेरुसलेमच्या अंतिम फेरीत मात्र 19 देशांत 17वा क्रमांक आणि 8 गुण मिळाले. तेव्हा स्वतःच्या देशाच्या भाषेत गाण्याची सक्ती होती. निकालावरून गाण्याची किंमत ठरवू नका, स्वीडनमध्ये ते आजही आवडीने ऐकलं जातं.

प्रश्न : ‘स्वामी संगीत उपासनी’ म्हणजे तेच का? ते मराठी होते?

उत्तर : तेच, पण मराठी नव्हते. 1981च्या ‘स्टॉर्मवार्निंग’ या संग्रहानंतर ते संगीतापासून दूर झाले आणि रजनीशांच्या पंथात गेले. हे नाव तिथलं. आपल्याकडे उपासनी हे आडनाव आहे म्हणून गल्लत होते; पंथातली संन्यासनावं मात्र बहुधा संस्कृत शब्दांवरून दिली जात. रजनीशांचा आश्रम 1974पासून पुण्यात होता, 1981मध्ये रजनीश स्वतः अमेरिकेला गेले.

पुढची वर्षं कठीण गेली. स्किझोफ्रेनियाचा आजार होताच, त्यात गंभीर गुन्ह्यांशी त्यांचं नाव जोडणाऱ्या बिनबुडाच्या अफवा पसरल्या. त्यांचा आजार म्हणजे अशा अफवांचा पुरावा नव्हे, हे ठामपणे सांगायला हवं. 1993मध्ये ‘फर शेर्लेकेन्स स्कुल’, म्हणजे ‘प्रेमाखातर’, हे नवं गाणं घेऊन ते परतले आणि श्रोत्यांनी ते उचलून धरलं. 22 जून 1997 रोजी, 41व्या वर्षी, त्यांनी आयुष्य संपवलं. ‘फर शेर्लेकेन्स स्कुल’ सर्वांत शेवटी ऐका, ‘उंड्रिंगार’मधला कोवळा आवाज कानात ताजा असताना.