फोनचा प्रोसेसर काय काय करू शकतो हे ॲपला कसं कळणार?

तुमचं फोटो-फिल्टरचं ॲप नव्या फोनवर पळतं आणि स्वस्त फोनवर रखडतं, म्हणून प्रोसेसरमध्ये निऑन (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा संच) आहे का ते तपासायचंय. ६४-बिट आर्म अँड्रॉइडवर तो शोध सोडा, तिथे निऑन असतंच. खरा फरक पडतो तो त्यापुढच्या सूचनांमुळे. उदाहरणार्थ, डॉट-प्रॉडक्ट (आकड्यांच्या जोड्या गुणून बेरीज करणारी सूचना) आर्मच्या कॉर्टेक्स-ए५५ कोअरमध्ये आहे, जुन्या ए५३ मध्ये नाही. ते विचारायला नेटिव्ह (सी/सी++) कोडमध्ये 'गेटऑक्सव्हॅल' (getauxval) हे फंक्शन वापरा. ॲप सुरू होताना एकदाच विचारायचं, त्या प्रोसेसरला योग्य अशा फिल्टर-फंक्शनचा पॉइंटर (पत्ता) धरून ठेवायचा. प्रत्येक फ्रेमला विचारत बसू नका. प्रोसेसरची माहिती देणारी प्रॉक-सीपीयूइन्फोची (/proc/cpuinfo) फाइल वाचण्याच्या फंदात तर पडूच नका, प्रत्येक कर्नल ती वेगळी लिहितो.

नुसते कोअर मोजून थ्रेड ठरवू नका. आठपैकी चार बरेचदा लहान, म्हणजे हळू असतात.

आणि उष्णता! मी ऐरोलीला कामाला. मे महिन्यात ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत ॲप चालवून पाहिलं, ऑफिसच्या एसीतला वेग दहा मिनिटांत गायब. अँड्रॉइड १० पासून पॉवरमॅनेजर तापमानाची स्थिती सांगतो. ती वाढली की फिल्टरचं रिझोल्यूशन उतरवा.