डीएनए तोच असताना बाळाचं हृदय बिघडतं कसं? झेब्रा माशावरून माणसाचं काही कळतं का?

कळतं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बाळाच्या हृदयात भोक निघाल्यापासून घरचे तुमच्या बायकोला बोलतात, म्हणून आधी आमच्या घरातलं सांगतो.

माझी बहीण खानापूर तालुक्यात, आत्याच्याच घरात दिलेली. २०२० च्या फेब्रुवारीत तिला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी बेळगावात डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या पडद्याला भोक आहे. कागद इंग्रजीत, नर्स कन्नडमध्ये सांगणारी, आणि आत्या वॉर्डाच्या दारात सगळ्यांदेखत, "ग्रहणात विळीवर भाजी चिरालती ही. मी सांगितलं होतं." ग्रहण म्हणजे २६ डिसेंबर २०१९ चं. बहीण बाळाच्या टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत खाली मान घालून बसली होती.

मी तेव्हा प्रयोगशाळेत झेब्रा माशांवरच, म्हणजे छोट्या पट्टेरी माशांवर, काम करत होतो. अंडं काचेसारखं आरपार. चोवीस तासांच्या सुमारास त्यात केसाएवढी नळी फडफडायला लागते, अठ्ठेचाळीस तासांत तिला पीळ पडून दोन कप्पे दिसतात. हृदय चाललं नाही तरी पिल्लू काही दिवस तगतं, प्राणवायू कातडीतून मिळतो. म्हणून बिघाड होताना बघता येतो.

आता तुमचा प्रश्न. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. त्यांच्यावरच्या रासायनिक खुणांवर कुठलं जनुक कधी वाचायचं ते बरंचसं ठरतं. केएमटी२डी हे जनुक अशी एक खूण करणारं प्रथिन बनवतं. ते बिघडवलं की माशाचं हृदय नीट वाढत नाही, हृदय बांधणारी जनुकं शाबूत असूनही. माणसात तेच बिघडलं की काबुकी सिंड्रोम हा जन्मजात आजार होतो, त्यातल्या बऱ्याच मुलांना हृदयदोष असतो.

माणसाचं हृदय गर्भ राहिल्यावर तीनेक आठवड्यांत धडधडू लागतं, आठव्या आठवड्याच्या सुमारास पडदे तयार होतात. ग्रहणाच्या दिवशी बहिणीला सातवा महिना होता! मी आत्याला बोटांवर मोजून दाखवलं. "चार बुकं शिकलास म्हणून मोठ्यांना शिकवतोस?" एवढंच ती म्हणाली.

आत्या, कारणच हवं असेल तर नात्यातल्या लग्नात शोध. जवळच्या नात्यात असे दोष जास्त आढळतात. त्या दिवशी हे मी गिळलं, बहिणीचा संसार होता. भाच्याचं भोक पुढे ऑपरेशन करून बुजवलं, पण तिला लागलेला बोल कुणी परत घेतला नाही.

अर्थात एकाच बाळाकडे बघून कारण ठरवता येत नाही, भाच्याचंही नाही. आणि माशाच्या हृदयात दोनच कप्पे, मधला पडदाच नाही, त्यामुळे तुमच्या बाळाचं भोक त्यात जसंच्या तसं दिसणार नाही.

पुढच्या खेपेला १८ ते २२ आठवड्यांत पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, फीटल इको, करून घ्या. त्या वेळी तुमच्या आईला आत न्या, बायकोच्या शेजारी बसवा, आणि हृदय कितव्या आठवड्यात तयार होतं ते डॉक्टरांच्या तोंडून तिला ऐकवा.