आधी घाम, मग हुडहुडी

प्रश्न : मी ४२ वर्षांची, शहापूर भागात राहते. दिवाळीपासून पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पळायला जाते. अंगात सुती पंजाबी ड्रेस, वर लोकरीचं स्वेटर, डोक्याला स्कार्फ. थोडं पळलं की घामाघूम होते. स्वेटर काढून कमरेला बांधलं की पाठ गारठते, घरी येईपर्यंत हुडहुडी भरते. सासूबाई म्हणतात, स्वेटर काढू नको, कानात वारं जाईल. नेमकं घालू तरी काय? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, तुम्हाला गारठवतोय तो आतला सुती ड्रेस. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. उद्या घरी गेल्यावर पाठीकडचा भाग नुसता मुठीत दाबून बघा. स्वेटर निघालं की तोच ओला कपडा वाऱ्यावर येतो आणि वाळता वाळता अंगातली ऊब ओढून नेतो. उन्हाळ्यात याच गुणापायी सुती कापड बरं वाटतं, पण डिसेंबर-जानेवारीत ते नडतं.

म्हणून आधी अंगालगतचा कपडा बदला. पॉलिस्टरचा, सुळसुळीत, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हवा. विकतच घ्यायला हवा असं नाही. क्रिकेट स्पर्धांचे नाव-नंबर छापलेले टी-शर्ट आपल्याकडं घरोघरी पडून असतात. मुलाचा एखादा बसला तर तोच घाला, बाह्या अर्ध्या असल्या तरी चालतील. स्पोर्ट्स ब्रासुद्धा सुती नको. ती भिजली की ओली पट्टी छातीला चिकटून राहते, आणि याबद्दल आपण बायका एकमेकींशीही बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. खाली ट्रॅक पँट. ओढणी घरीच ठेवा.

आता स्वेटर. पळणाऱ्या अंगाला हवा आहे त्यापेक्षा साधारण दहा अंशांनी उबदार वाटते, असा ढोबळ हिशेब आहे. पारा १४ वर असेल तर कपडे २४ अंशांचे घालायचे. दारात उभं असतानाची थंडी धरू नका, दहाव्या मिनिटाची धरा. सुरुवातीला थोडं कुडकुडलात तर कपडे बरोबर आहेत असं समजा. स्कूटीवरून येताना मात्र स्वेटर हवंच. पळायच्या आधी ते डिकीत टाका. डिकीत एक कोरडा टी-शर्टही असू द्या. पळून झालं की गप्पांना उभं राहण्याआधी तो बदला आणि वर स्वेटर चढवा. तुमची हुडहुडी बहुतेक इथंच थांबेल.

कानांचं सासूबाई बरोबर सांगतात. कान आणि बोटं सगळ्यात आधी गार पडतात. पण अख्ख्या डोक्याला स्कार्फ गुंडाळू नका. कानांवरून रुंद पट्टी बांधा, उकडलं की गळ्यात सरकवता येते. हातमोजे साधे चालतात.

घाम यावा म्हणून रेनकोट किंवा जाड विंडचीटर घालून पळणाऱ्या मुली मला दिसतात. त्यानं वजनातलं फक्त पाणी जातं, पाणी प्यायलं की परत येतं. तसलं काही करू नका.

खानापूर-जांबोटीकडच्या मैत्रिणींनी, तिकडं गारवा आणि दव जास्त, टी-शर्टवर बिनबाह्यांचं पातळ जॅकेट घालावं. आणि डांबरी रस्त्यावर धुक्यात पळत असाल तर भडक पोपटी रंगच घ्या, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळा. काळा ट्रॅकसूट ट्रकवाल्याला दिसत नाही.