बजेट आलं की छोट्या ट्रस्टला नेमका काय फरक पडतो?

तुमचा प्रश्न असा : ट्रस्ट नोंदणीकृत, वर्षाला चाळीसेक लाख जमा, १२एबी (ट्रस्टच्या उत्पन्नाला करसूट देणारी आयकर नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट मिळवून देणारी मान्यता) दोन्ही हाताशी. दर फेब्रुवारीत सीए ‘नियम बदलले’ म्हणतात, पण अर्थमंत्र्यांच्या भाषणात तर ट्रस्टचं नावही ऐकू येत नाही. मग बदलतं काय?

भाषणात ते फारसं येतच नाही. भाषणासोबत वित्त विधेयक मांडलं जातं, ट्रस्टचे बदल त्याच्या कलमांत असतात. विधेयकाची भाषा किचकट, म्हणून त्यासोबतचं मेमोरँडम, म्हणजे कलमांचं स्पष्टीकरण, उघडा आणि ‘चॅरिटेबल’ शब्द शोधा. प्रत्येक बदल कधीपासून लागू हे तिथे लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. मंजुरीपर्यंत दुरुस्त्याही होतात, त्यामुळे फेब्रुवारीतच विश्वस्तांचा ठराव करून मोकळं होऊ नका.

कराच्या दरापेक्षा छोट्या संस्थेला फटका बसतो तो ‘खर्च’ कशाला म्हणायचं, यात. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च झाली पाहिजे, हा नियम जुनाच. पण २०२१ मध्ये मागच्या वर्षांचा जादा खर्च पुढे ओढणं बंद झालं. २०२२ मध्ये प्रत्यक्ष पैसे दिले तरच खर्च, असं ठरलं. २०२३ मध्ये दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच धरायची, असं आलं.

तुमच्याच आकड्यावर बघा. जमा ४० लाख, म्हणजे ३४ लाख खर्च दिसला पाहिजे. स्वतःच्या कामावर २४ लाख आणि दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला १० लाख दिले. पूर्वी हिशेब चोख बसायचा. आता त्या १० लाखांचे साडेआठच धरले जातात, एकूण साडेबत्तीस, तूट दीड लाख. त्यात २४ लाखांपैकी दोन लाखांचं बिल ३१ मार्चला द्यायचं राहिलं असेल, तर तूट साडेतीन लाख. ते बिल ज्या वर्षी चुकतं होईल त्या वर्षी धरलं जाईल. एकाच माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलेत, तर सहसा तो खर्चही धरत नाहीत. म्हणून मार्चच्या मध्यालाच तात्पुरता हिशेब काढा आणि उरलेली बिलं बँकेतून चुकती करा. एप्रिलमध्ये ऑडिटरकडे फाइल गेल्यावर यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

तरी पैसे उरलेच, तर फॉर्म १० भरून पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येतात. जुन्या, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखाली त्याची मुदत विवरणपत्राच्या दोन महिने आधी, म्हणजे एरवी ३१ ऑगस्ट. पैसे राखून ठेवण्याच्या ठरावात कारण म्हणून ‘संस्थेची उद्दिष्टे’ एवढंच लिहिलंत तर आक्षेप येतो; ‘वसतिगृहाचा दुसरा मजला’ असं नेमकं लिहा. ही रक्कम कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीतच हवी. बँक, पोस्ट चालतं, सहकारी बँकही चालते. गावातल्या पतसंस्थेतली ठेव मात्र वादात सापडू शकते, मग ओळखीचा चेअरमन कितीही भला असो.

नोंदणीचं प्रकरण याहून जोखमीचं. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी कायम असली तरी आयकराची मुदतीची असते, आणि नेमकं हेच विश्वस्तांच्या ध्यानात राहत नाही. २०२० च्या बदलाने ती पाच वर्षांची झाली. २०२५ मध्ये, अर्जाआधीच्या दोन्ही वर्षांत सूट धरण्यापूर्वीचं उत्पन्न पाच कोटींच्या आत असेल तर दहा वर्षांची सोय झाली. तुम्ही त्यात बसता. पण त्या वेळी ८०जीच्या पाच वर्षांना हात लावलेला नाही, म्हणून दोन्ही तारखा वेगळ्या लिहून ठेवा. अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करायचा असतो.

१२एबीच्या अर्जाची तारीख चुकली तर २०२३ पासून एक्झिट टॅक्सची टांगती तलवार आहे : मालमत्तेची बाजारभावाने किंमत, त्यातून देणी वजा, उरलेल्यावर सर्वोच्च दराने कर. चाळीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी कवडीमोलाने घेतलेली जागा असलेल्या संस्थेचं यात काय होईल, ते बघा. २०२४ मध्ये सबळ कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार आयकर आयुक्तांना मिळाला, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग. उद्दिष्टं बदललीत तर नुसता धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देऊन भागत नाही; आयकराकडेही ३० दिवसांत अर्ज लागतो.

देणग्यांचं थोडक्यात. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही आणि २०२३ पासून तीच आपोआप लागू होते, त्यामुळे पगारदार देणगीदाराला ‘कर वाचेल’ सांगून पैसे मागू नका. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट कोणत्याच प्रणालीत नाही. पावतीवर पॅन घ्या. देणग्यांचं वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत गेलं नाही तर दिवसाला २०० रुपये शुल्क, वर दहा हजार ते एक लाख दंड होऊ शकतो, आणि देणगीदाराची वजावट अडकते ती वेगळीच.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, त्यात आपलं प्रकरण कलम ३३२ ते ३५५ मध्ये. मी वर दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत. २०२५-२६ च्या हिशेबाला तेच चालतील. त्यापुढच्या वर्षासाठी नवे क्रमांक आणि मुदती सीएकडून लेखी मागवून घ्या.